गरम बाजू कुठली?

माझं घर वर्षानुवर्षं गंजावर चाललं. आमच्या इंग्लंडमधल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला फोन आला तेव्हा मी हेच सांगितलं, तर पलीकडच्या मुलीला वाटलं मी भंगाराच्या धंद्यात होते. "वॉव काकू, तुम्ही स्क्रॅप डीलर होता?" तिच्या आवाजात इतकं कौतुक होतं की तिचा गैरसमज दूर करताना मला वाईट वाटलं.

बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये आमची कंपनी होती. एका बाजूला सॉफ्टवेअरवाले, दुसऱ्या बाजूला ऑफिसच्या खुर्च्या विकणारे आणि मधे आम्ही. आम्ही आपोआप तापणारे पॅड बनवायचो. वीज नाही, बॅटरी नाही, गरम पाणी नाही. पाकीट फाडायचं, पॅड अंगावर ठेवायचा, थोड्या वेळात तो कोमट होतो, मग चांगला गरम. वरच्या थरात एक पुडी असते. तिच्यात लोखंडाची बारीक पूड, मीठ, कोळशाची भुकटी आणि ओल धरून ठेवणारे दाणे. पुडीला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. पाकीट फाडलं की त्यातून हवा आत जाते आणि लोखंड गंजायला लागतं. गंजताना ऊब निघते. तुमच्या गॅलरीतली कुंडी ठेवायची लोखंडी घडवंचीसुद्धा गंजताना तापत असते, फक्त ती इतकी सावकाश गंजते की हाताला कळत नाही. आम्ही त्या गंजाला घाई लावायचो, एवढाच आमचा धंदा.

खालचा थर जेलचा. त्यात ग्लिसरीन, ओट्सचा अर्क, शिया बटर असं काय काय. वरून ऊब आली की कातडी सैलावते आणि जेल आत मुरतं. इथल्या हिवाळ्यात घरात हीटिंग दिवसभर चालू असतं आणि म्हाताऱ्या माणसांच्या नडग्या, कोपरं, टाचा सुकून पापडासारख्या होतात. नुसतं क्रीम चोळून भागत नाही. अशांसाठी आमचा पॅड. अर्धा तास ठेवायचा आणि काढून टाकायचा. पुडीत ऊब त्यानंतरही बराच वेळ शिल्लक असते, पण जेल संपलेलं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझं खातं तक्रारींचं. पॅड गरम झाला नाही, फार गरम झाला, फुटला, चिकटला, वास आला, असं काहीही झालं की तो पॅड बंद पिशवीतून माझ्या टेबलावर यायचा. मी पुण्यात केमिस्ट्री शिकले होते. तेव्हा वाटलं होतं मोठं काहीतरी शोधून काढेन. प्रत्यक्षात लोकांनी आमच्या पॅडचं काय केलं ते शोधण्यात आयुष्य गेलं. तक्रार नाही, कामात मजा होती. माणसाच्या डोक्याला काय सुचेल याला सीमा नाही हे मला पगार घेऊन शिकायला मिळालं.

एक गृहस्थ दर महिन्याला लिहायचे की तुमचे पॅड थंडगार निघतात, तुम्ही लुटारू आहात. आम्ही नवे पाठवायचो, तेही थंडगार. शेवटी मी फोन करून विचारलं, पाकीट फाडल्यावर तुम्ही नक्की काय करता? ते अभिमानाने म्हणाले, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून मी पॅडवर अन्न झाकायची प्लॅस्टिकची क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळतो. बिचाऱ्या पॅडचा गळाच आवळत होते. हवा नाही तर गंज नाही आणि गंज नाही तर ऊब नाही. मी समजावलं. त्यावर ते म्हणाले, "पण हे कॉमन सेन्सच्या विरुद्ध आहे!" बरोबरच होतं त्यांचं.

दुसरा एक मुलगा मँचेस्टरला शिकायला आलेला, नागपूरचा. नागपूरच्या माणसाला मँचेस्टरची थंडी म्हणजे काय ते मी सांगायला नको. त्याने पॅड लवकर तापावा म्हणून मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. लोखंडाची पूड मायक्रोवेव्हमध्ये! घरमालकाच्या स्वयंपाकघरात ऑक्टोबरातच दिवाळी झाली. त्याने तक्रारीत लिहिलं होतं, "युअर प्रॉडक्ट इज व्हेरी एक्साइटेबल." आडनाव बघून मी फोनवर मराठीत बोलले, तसा तो म्हणाला, "मॅडम, माझ्या आईला नका सांगू जी." मी सांगितलं नाही. तसा तिचा नंबरही माझ्याकडे नव्हता.

असे किस्से पुष्कळ. पण लेख मागितला तेव्हा डोक्यात पहिल्यांदा आली ती ब्रॅकनेलची केस. त्यात हसण्यासारखं थोडं होतं. एका बाईची नोकरी त्यावर टांगलेली होती.

तक्रार एका मुलाने केली होती. मुलगा म्हणजे पन्नाशीचा, अभिजित नावाचा, ब्रॅकनेलला एका टेक्नॉलॉजी कंपनीत मॅनेजर. त्याची आई, कुसुमकाकू, ऐंशी ओलांडलेल्या, त्याच्या घराजवळच एका छोट्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. नर्सच्या सल्ल्याने रोज सकाळी एक केअरर येऊन त्यांना अंघोळ घालायची आणि सुकलेल्या नडग्यांना, गुडघ्यांना आमचा पॅड लावायची. केअररचं नाव ब्लेसिंग, मूळची झिंबाब्वेची. एका संध्याकाळी अभिजित ऑफिसातून येताना आईकडे डोकावला तर त्या लंगडत होत्या. गुडघ्याच्या वर रुपयाएवढा फोड आणि भोवती लालभडक कातडी. आमचा पॅड कचऱ्याच्या डब्यात सापडला. आईला विचारलं तर म्हणाली, मला काही आठवत नाही.

अभिजितने दोन अधिक दोन केले. केअररने सकाळी पॅड लावला, काढायला विसरली, आई झोपली आणि भाजली. त्याने एजन्सीकडे तक्रार केली आणि आमच्याकडेही केली, म्हणजे दोघांपैकी कोणीतरी सापडेलच. एजन्सीने कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवलं आणि चौकशी होईपर्यंत ब्लेसिंगला कामावरून थांबवलं. ती एजन्सीच्याच स्पॉन्सरशिपवर या देशात होती. नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता. आपल्यापैकी निम्मे लोक वर्क परमिटवर आलेले आहेत, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. नवरा आणि दोन मुलं इथे होती तिची. हे सगळं मला तक्रारीबरोबर जोडलेल्या एजन्सीच्या ईमेलवरून कळलं, आणि कळलं नसतं तर बरं असं वाटलं.

इथे थोडं भाजण्याबद्दल सांगते. आमच्या पॅडने तव्यासारखा चटका बसत नाही. होतं ते मंद भाजणं. हाताला सुखद वाटेल एवढीच ऊब एकाच जागी तासन् तास राहिली की म्हातारी, पातळ कातडी आतून शिजायला लागते, आणि माणूस झोपलेला असेल तर त्याला कळतही नाही. म्हणून तर मधे जेलचा थर. तो ओला असतो, ऊब पसरवतो, चटका खातो. जेलसकट पॅड विसरला तर कातडी लाल होईल. फोड यायला जास्त काहीतरी घडावं लागतं.

पॅड आला. मी पिशवी उघडली आणि दोन गोष्टी बघितल्या. एक, जेलचा थर नव्हताच. सुकला नव्हता, नव्हताच. दुसरी, पुडीतली पूड. सलग गंजलेली पूड एकजीव होते, विटेसारखी. ही मधेच कडक, मधेच भुसभुशीत होती. हा पॅड थांबत थांबत गंजला होता, पण का ते मला कळेना. माझा मॅनेजर ग्रॅहम माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याचा चेहरा पडला. "जेलशिवायच कारखान्यातून बाहेर पडला असेल, तर सगळी बॅच परत मागवावी लागेल." मी त्या बॅचचे राखून ठेवलेले नमुने उघडले. प्रत्येकावर जेल होतं.

माझ्या आधी ज्याने पिशवी तपासली होती त्याने शेरा मारला होता, "अनोळखी वास." मी नाक जवळ नेलं. अनोळखी कसला! तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण घालून कढवलं की येतो तो वास. यात माझी काही हुशारी नाही, लहानपणी सर्दी झाली की आई हेच तेल माझ्या पाठीला चोळायची. मी खुर्चीत बसून हसले. ग्रॅहमने विचारलं काय झालं. मी म्हटलं, हा वास फोनवर विचारण्यातला नाही, मला त्या बाईंच्या घरी जायला हवं. गिऱ्हाइकाच्या घरी जायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पण बॅच परत मागवण्याच्या कल्पनेने तो इतका घाबरला होता की मी झिंबाब्वेला जाते म्हटलं असतं तरी हो म्हणाला असता.

शनिवारी सकाळी गेले. दार अभिजितने उघडलं. उंच, नीटनेटका, काळजीने ओढलेला चेहरा. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी त्या पिढीचं. "या ना शोभा आंटी. आई काही सांगत नाही मला. तो... ती खूप स्टबर्न आहे. आय मीन, माझी आई भाजला आणि तो केअरर म्हणते तिने काढला होता पॅड. देन हू डिड इट?"

कुसुमकाकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. किडकिडीत, सुती नऊवारीच्या काळातल्या वाटाव्यात असा कडक अंबाडा, पण अंगात कार्डिगन आणि पँट. ऐकू कमी येतं आणि मशीन लावायचं नाही, त्यामुळे त्या घरभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या. "कुठली गं तू? पुण्याची? पुण्यात कुठली?" माझं सगळं कुळ काढून झाल्यावर त्यांनी मला गुडघा दाखवला. फोड बरा होत आला होता. मी विचारलं, "काकू, हे कसं झालं?"

"मला काही आठवत नाही," त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. ज्या बाईला माझ्या मामेआजोबांच्या दुकानाची पाटी आठवत होती, तिला आठवड्यापूर्वीचा फोड आठवत नव्हता.

मी म्हटलं, चहा मी करते. स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधायला कपाट उघडलं तर मागच्या बाजूला झाकणाचा एक चपटा प्लॅस्टिकचा डबा. वास ओळखीचा. मी झाकणाची एक कड उचलली. आत आमच्या पॅडच्या पुड्या, जेल सोलून काढलेल्या, एकावर एक नीट रचलेल्या. शेजारी क्रीमची जुनी बाटली, तिच्यात खरवडून काढलेलं आमचं जेल.

"झाकण लाव आधी!" दारातून आवाज आला. काकू वॉकर धरून उभ्या होत्या. "उघडा ठेवलास तर सगळे गरम व्हायला लागतील."

मी झाकण लावलं. मला एकदम पूड मधेच कडक, मधेच भुसभुशीत का होती ते कळलं. झाकण घट्ट लावलं की हवा नाही, मग गंज थांबतो. उघडलं की पुन्हा सुरू. आमच्या कंपनीत कोणी हे गिऱ्हाइकाला सांगत नव्हतं, आणि या बाईंनी ते स्वतःच्या कपाटात शोधून काढलं होतं.

"ब्लेसिंग अर्ध्या तासात पॅड काढते आणि कचऱ्यात टाकते," काकू सांगू लागल्या. आवाज खाली आणायचा त्यांचा प्रयत्न होता, तो शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेला नाही इतकंच. अभिजित खाली गाडीतून सामान आणायला गेला होता. "चांगला गरम असतो गं! टाकवत नाही. ती गेली की मी काढून घेते. ते गिळगिळीत सोलून बाटलीत भरते, हाताला लावायला बरं असतं. आणि पुडी डब्यात. दुपारी गुडघा दुखायला लागला की तेल चोळायचं, वर पुडी ठेवायची, साडीच्या पट्टीने बांधायची. देशात रुईचं पान बांधायचो ना, तसं. इथे रुई कुठे मिळते?"

"पण काकू, ते जेल काढायचं नसतं. ते मधे राहिलं पाहिजे."

"अगं, ते गार लागतं हाताला! गरम बाजू वर, हवेकडे आणि गार बाजू अंगाला, हा कुठला शेक? गरम बाजू अंगाला लावायची एवढं कळत नाही का? तुमच्या कंपनीने उलटा बनवलाय पॅड."

मी त्या कंपनीत आयुष्य घालवलं, पण इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. शेक म्हणजे गरम बाजू अंगाला. वीट असो, मिठाची पुरचुंडी असो, तवा तापवून त्यावर शेकलेलं फडकं असो. आपल्याकडच्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. आणि तेल चोळलेल्या कातडीवर जेल सोलून ती पुडी बांधली, वर दुपारचा डोळा लागला, की फोड येणारच. मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं असं वाटलं नाही.

"अभिला सांगू नकोस," त्या एकदम म्हणाल्या. "त्याला कळलं की मी असले उद्योग करते, तर तो म्हणेल आई, तू एकटी राहायची नाहीस आता. मला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवेल. मला तिथे मरायचं नाही, माझ्या घरात मरायचं आहे."

मी म्हटलं, "काकू, मला रिपोर्ट लिहायचाय. त्यात मी लिहीन की पॅडचं जेल काढलेलं होतं आणि कातडीला तेल होतं. पॅडवरून मला हे कळतं, पण ते कोणी काढलं हे कळत नाही. मग सगळे म्हणतील ब्लेसिंगने काढलं."

"ब्लेसिंग कशाला काढेल? ती तर रजेवर आहे."

मग मला कळलं की यांना कोणी सांगितलंच नाही. "काकू, ती रजेवर नाही. तिला या फोडापायी कामावरून थांबवलंय. दोष तिच्यावर आला तर नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर व्हिसा. मुलांना घेऊन परत जावं लागेल."

काकू वॉकर ढकलत पुढे आल्या. "अभिने मला सांगितलं रजेवर आहे. तिच्या जागी दुसरी मुलगी येते ती नीट पुसतसुद्धा नाही अंग. मी विचारते रोज, कधी येणार ब्लेसिंग. म्हणतो, येईल." त्या खुर्चीवर बसल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर स्वतःच चहाची वाट बघत बसला होता आणि त्याला फाशीची बातमीच नव्हती. मी चहा गाळला.

"कोणाला सांगायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"कौन्सिलकडून एक बाई चौकशी करतायत. त्यांना."

"मग लाव फोन. अभि वर यायच्या आत लाव."

फोनवर ते होण्यासारखं नव्हतं. कौन्सिलच्या बाईंनी, लिंडा त्यांचं नाव, पुढच्या मंगळवारी येते म्हणून सांगितलं. मी तिथे असावं असा काकूंचा हट्ट होता. अभिजितला एवढंच माहीत होतं की आईला आठवलंय आणि तिला काही सांगायचंय. तो अर्धा दिवस सुट्टी घेऊन आला, हातात प्रश्नांची तयारी, चेहरा मीटिंगला बसावं तसा.

लिंडाने आल्या आल्या नम्रपणे सांगितलं की मी मिसेस कुसुम यांच्याशी एकटीने बोलणार, कोणाचं दडपण नको. हा त्यांचा नियम आणि चांगला नियम आहे. आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो. दार बंद झालं. पण मी आधीच सांगितलंय, काकूंना ऐकू कमी यायचं. एकांतातलं बोलणं त्यांनी अशा आवाजात केलं की आम्हाला भांडी घासायचं निमित्तसुद्धा करता आलं नाही.

त्या इंग्रजीतच बोलत होत्या, मी मराठीत लिहिते. "मी केलं," त्या म्हणाल्या. "जेल मी काढलं. कचऱ्यातून पॅड मी काढला. तेल मी लावलं. त्या मुलीला यातलं काही माहीत नाही." लिंडाने काहीतरी हळू विचारलं. "नाही, मला कोणी सांगायला लावलं नाही! मी काय बाळ आहे?" पुन्हा काहीतरी. मग काकू म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलं? भीती वाटली. माझा मुलगा चांगला आहे, फार चांगला आहे. पण त्याला कळलं की मला होममध्ये ठेवेल. तो माझ्याशी आधीच बोलत नाही, माझ्याबद्दल बोलतो. सुनेशी बोलतो, डॉक्टरशी बोलतो. मला सांगतो, केअरर रजेवर आहे."

अभिजित सिंकला टेकून उभा होता. त्याने नळ सोडला, पाण्याचा आवाज व्हावा म्हणून असेल, आणि लगेच बंद केला. कदाचित पुढचं ऐकायचं होतं.

"मी इथे पोस्टाच्या काउंटरवर वीस-बावीस वर्षं उभी राहिले," काकूंचा आवाज आला. "मला माहीत आहे बाहेरून येऊन नोकरी टिकवणं काय असतं. माझं आता काय जाणार आहे? तिचं सगळं जाईल. तुम्ही नीट लिहून घ्या."

अभिजित माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन ठिकाणी मी बघून आलो होतो, आंटी. होम्स. आईला सांगितलं नव्हतं. हाऊ डिड शी नो?" मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. माझी आई पुण्यात वारली तेव्हा मी इथे पॅड तपासत होते. मी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो आधी दचकला, मग तसाच उभा राहिला.

माझा रिपोर्ट गेला, लिंडाचा गेला आणि ब्लेसिंग कामावर परत रुजू झाली. आमच्या पाकिटावर त्यानंतर एक चित्र आलं. जेल सोलणारा हात आणि त्यावर मोठी लाल फुली. मी ग्रॅहमला सांगितलं होतं की शब्द कोणी वाचत नाही, आणि वाचले तरी गरम बाजू अंगाला लावू नका हे पटण्यासारखं नाही. निवृत्त होताना मला फुलांचा गुच्छ मिळाला, पण मी मिरवते ते ती फुली.

एजन्सीने ब्लेसिंगला काकूंकडे मात्र पाठवलं नाही. तक्रार झालेल्या घरी पुन्हा तोच माणूस द्यायचा नाही अशी त्यांची पद्धत. काकू मला फोन करून रोज विचारायच्या आणि मी काहीच करू शकत नव्हते. मग एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. वरणभात, लिंबाचं लोणचं. जेवण झाल्यावर बेल वाजली. चर्चमधून परस्पर आलेली, निळ्या ड्रेसमधली एक उंच बाई दारात होती. ब्लेसिंगला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. अभिजितने तिला शोधून काढून बोलावलं होतं. तो तिच्या मागेच उभा होता.

काकू खुर्चीच्या हातांवर भार देऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मनात जे जुळवलं होतं ते सॉरीच्या पुढे गेलं नाही. ब्लेसिंगने त्यांना धरून खाली बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ममा, त्यांनी तुम्हाला होममध्ये पाठवायचं ठरवलं नाही ना?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मी इथेच आहे."

"देव पावला," असं काहीसं ती तिच्या भाषेत म्हणाली.

अभिजित पुढे आला. "तुला माहीत होतं? आईला होमची भीती वाटते ते?"

"मी त्यांना रोज अंघोळ घालत होते. मला त्यांची भीती माहीत आहे, आणि त्यांच्या गुडघ्याच्या तेलाचा वासही माहीत आहे."

"मग तू सांगितलं का नाहीस? चौकशीत?"

ब्लेसिंग त्याच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला सगळ्यांनी एकच विचारलं, पॅड किती वाजता काढलास. तेलाचं कोणी विचारलं नाही. आणि मी म्हटलं असतं की या वयातल्या आईने स्वतःच हे केलं, तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असता?"

काकू अभिजितकडे बघत होत्या, मीही. खोटं बोलायला त्याला पुष्कळ वाव होता.

"नाही," तो म्हणाला. "नसता ठेवला."

ब्लेसिंगने मान हलवली, हातातली पर्स खाली ठेवली, काकूंच्या पायाशी गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "आता दाखवा गुडघा, किती बरा झालाय ते."